मासेमारी नौकांसाठी विकला जाणारा घरगुती हूका-संच : तपासणी आणि मत

ट्रॉलरच्या पंख्यात अडकलेले जाळे कापून काढणे, नौकेच्या बुडाला चिकटलेली कालवे खरवडणे, नांगराचा गुंतलेला दोर सोडवणे ही कामे कोकणातल्या बंदरांवर दम धरून बुडी मारणारे खलाशी करत आले आहेत. एका दमात अर्धे-पाऊण मिनीट काम होते, मग वर येऊन धापा टाकायच्या आणि पुन्हा खाली जायचे. वरून नळीने सतत हवा पुरवणारे यंत्र मिळत असेल तर ते अशा माणसांना हवेसे वाटणारच. पाणबुडे या प्रकारच्या यंत्राला हूका म्हणतात. किनाऱ्यावरच्या एका गावात फॅब्रिकेशनचे काम करणारा कारागीर असा संच स्वतः जुळवून ३४,००० रुपयांना विकतो. माझ्या ओळखीच्या एका नौकामालकाने तो घेतला आणि खलाशांच्या हाती देण्याआधी तपासून द्यावा अशी विनंती केली. मी व्यवसायाने यंत्र अभियंता आहे आणि स्कूबाचे, म्हणजे पाठीवर हवेचा सिलिंडर घेऊन पाण्याखाली जाण्याचे, रीतसर प्रशिक्षण घेतलेले आहे. संच मी आधी जमिनीवर उघडून पाहिला, मग जलतरण तलावात आणि त्यानंतर जेट्टीलगतच्या शांत पाण्यात वापरून पाहिला. पाण्यातल्या प्रत्येक चाचणीच्या वेळी पाठीवर स्वतंत्र सिलिंडर असलेला सोबती हाताच्या अंतरावर होता, आणि या अटीशिवाय मी पाण्यात उतरलोही नसतो.

निर्णय आधीच सांगतो, म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांचा खोळंबा होणार नाही. हा संच ज्या स्वरूपात विकला जातो त्या स्वरूपात कोणीही पाण्यात नेऊ नये. त्यातली मूळ निवड चांगली आहे, कारागिराचे हात कसबी आहेत, परंतु श्वासाच्या हवेसाठी लागणाऱ्या ज्या गोष्टी पंक्चरच्या दुकानातल्या हवेसाठी लागत नाहीत, त्याच नेमक्या राहून गेल्या आहेत. काही दुरुस्त्या केल्या तर प्रशिक्षित माणसाला तीन-चार मीटरपर्यंतच्या पाण्यात, एका वेळी एकाच माणसाला, तो वापरता येईल. त्याहून स्वस्त आणि निर्धोक असा दुसरा मार्गही आहे. त्याविषयी पुढे लिहिले आहे.

संचात दंतवैद्यांकडे असतो तसा, तेल न लागणारा, एक अश्वशक्तीचा कॉम्प्रेसर आहे. त्याखाली ३० लिटरची टाकी, दाब दाखवणारा गेज, टाकीचा सेफ्टी व्हॉल्व्ह, हवा गाळण्यासाठी स्पंजचा तुकडा बसवलेली प्लास्टिकची वाटी, १५ मीटर लांबीची पारदर्शक पीव्हीसी नळी आणि नळीच्या टोकाला स्कूबाचा जुना रेग्युलेटर, म्हणजे तोंडात धरायचा भाग, एवढे सामान आहे. सगळे एका रंगवलेल्या लोखंडी चौकटीत घट्ट बसवलेले आहे. वेल्डिंग सफाईदार आहे, चौकटीला उचलण्यासाठी दोन्ही बाजूंनी कड्या आहेत आणि होडी हलली तरी यंत्र घसरू नये म्हणून पायांना रबर लावले आहे. पाहताक्षणी विश्वास वाटावा असे हे काम आहे.

बिनतेलाचा कॉम्प्रेसर निवडला, ही या संचातली सर्वांत शहाणपणाची गोष्ट आहे. अनेक ठिकाणी पंक्चरवाल्याकडचा तेलावर चालणारा कॉम्प्रेसरच नळी जोडून वापरला जातो. त्यात पिस्टनच्या कडांमधून तेलाचा सूक्ष्म फवारा हवेत मिसळतो, तो फुप्फुसांत जाऊन साठतो आणि त्यातून एक प्रकारचा न्यूमोनिया होऊ शकतो. यंत्र फार तापले तर तेच तेल जळू लागते आणि हवेत कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. साध्या तेलाऐवजी खाण्याचे तेल घातले की प्रश्न मिटला, असा समज काही ठिकाणी आहे. प्रत्यक्षात ते तेल लवकर करपते आणि व्हॉल्व्हवर त्याची काजळी जमते. श्वासाच्या हवेसाठीचे एन १२०२१ हे युरोपीय मानक एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त अर्धा मिलिग्रॅम तेल चालवून घेते. दुकानातला कॉम्प्रेसर गाळणीवाचून ही मर्यादा पाळेल अशी अपेक्षाच करता येत नाही. या संचात तो प्रश्न मुळातच उद्भवत नाही, याचे श्रेय कारागिराला द्यायला हवे.

टाकीच्या बाबतीत मात्र ते देता येत नाही. टाकीच्या तळाची पाणी सोडायची तोटी मी उघडली तेव्हा आधी फसफसत हवा आली आणि मग चमचाभर तांबूस पाणी. टाकीला आतून कोणताही लेप दिलेला नाही. किनाऱ्यावरची दमट, खारट हवा दाबाखाली आली की तिच्यातले पाणी टाकीत साचते आणि लोखंड गंजू लागते. त्या गंजाची बारीक भुकटी हवेबरोबर नळीत जाते. रेग्युलेटर उघडून पाहिला तेव्हा आतल्या व्हॉल्व्हच्या बैठकीवर हीच तांबूस पूड बसलेली दिसली. बैठकीवर कचरा अडकला की व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही आणि हवा सतत वाहत राहते. तोटी रोज उघडायची सवय लावली आणि टाकी व नळी यांच्यामध्ये बारीक छिद्रांची गाळणी बसवली तर हा दोष आटोक्यात येतो.

आता हवेच्या प्रमाणाविषयी. याबाबतीत विकणारा आणि घेणारा दोघेही मोटारीवरच्या पट्टीवर भिस्त ठेवतात. पट्टीवर मिनिटाला १५० लिटर असे छापले आहे. हा आकडा पिस्टन किती जागा व्यापतो त्याचा आहे, प्रत्यक्षात किती हवा बाहेर पडते त्याचा नव्हे. खरा आकडा घरच्या घरी काढता येतो. टाकीचा बाहेरचा व्हॉल्व्ह बंद करून दाब ३ बारवरून ५ बारवर जायला किती सेकंद लागतात ते घड्याळ लावून मोजायचे (एक बार म्हणजे साधारण एका वातावरणाएवढा दाब). ३० लिटरच्या टाकीत दाब २ बारने वाढला म्हणजे बाहेरची ६० लिटर हवा आत गेली. या संचाला त्यासाठी ५२ सेकंद लागले. म्हणजे मिनिटाला सुमारे ६९ लिटर, छापलेल्या आकड्याच्या निम्म्याहूनही कमी.

एवढी हवा पुरते का, हे माणूस काय काम करतो आणि किती खोल आहे यावर ठरते. सावकाश पोहणाऱ्याला जमिनीवरच्या हिशेबाने मिनिटाला २० ते २५ लिटर हवा लागते, मध्यम कामाला ३० लिटर धरावी, आणि पंख्याच्या दांड्याभोवती आवळून बसलेला नायलॉनचा दोर सुरीने कापणारा माणूस ६० लिटरही ओढतो. पाण्याखाली दर १० मीटरला दाब एका वातावरणाने वाढतो आणि त्याच पटीत हवा जास्त लागते. तीन मीटरवर १.३ पट, पाच मीटरवर दीडपट, दहा मीटरवर दुप्पट. तेव्हा तीन मीटरवर मध्यम काम करणाऱ्याला ३९ लिटर पुरतात आणि हा संच त्या कामाला सहज उतरतो. तोच माणूस झटापटीच्या कामाला लागला की गरज ७८ लिटरवर जाते आणि कॉम्प्रेसर मागे पडू लागतो. टाकीतला साठा थोडा वेळ ही तूट भरून काढतो, पण खाली असलेल्याला गेज दिसत नाही. दोन रेग्युलेटर लावून दोघांना उतरवायचे, अशी जोडणीही कारागीर जास्तीचे पैसे घेऊन करून देतो. दोघांच्या मध्यम श्वासालाच ७८ लिटर लागतात. ही जोडणी कोणीही घेऊ नये. एकाचा दम वाढला की दुसऱ्याची हवा तुटते आणि दोघेही एकाच क्षणी घाबरतात.

रेग्युलेटरची अडचण वेगळी आहे. स्कूबाचा तोंडातला भाग साधारण ९ ते १० बार दाबासाठी जुळवलेला असतो. त्याचा व्हॉल्व्ह मिटवून ठेवणारी स्प्रिंग तेवढ्या दाबाशी तोल साधेल एवढी कडक असते. या संचात नळीतला दाब ४ बारच्या आसपास आहे. स्कूबात सिलिंडरच्या तोंडाशी बसवलेला भाग खोलीप्रमाणे दाब आपोआप वाढवून देतो, तशी सोय इथे नसल्याने दहा मीटरवर त्यातला आणखी एक बार पाण्याचा दाब गिळून टाकतो. परिणाम असा की स्प्रिंग व्हॉल्व्हला धरून ठेवते आणि माणसाला प्रत्येक श्वास जोर लावून ओढावा लागतो. तलावात दोन मीटरवर शांत बसलो असताना ते खपून गेले. मात्र जेट्टीच्या खांबाला धरून हात चालवू लागलो तेव्हा काही मिनिटांतच जबडा आणि छाती दोन्हींना ओढ जाणवू लागली. अशा ओढाताणीत श्वास उथळ होतो, कार्बन डायॉक्साइड साठतो आणि माणूस विनाकारण कासावीस होतो. कमी दाबासाठी मऊ स्प्रिंग बसवलेले हूकाचे रेग्युलेटर वेगळे मिळतात. तसा रेग्युलेटर किंवा निदान तशी स्प्रिंग जाणकाराकडून बसवून घेणे आवश्यक आहे.

ज्या दोषामुळे हा संच मी नौकामालकाकडे परत न देता काही दिवस स्वतःजवळ ठेवून घेतला, तो दोष हवा आत घेण्याच्या जागेचा आहे. ती प्लास्टिकची वाटी कॉम्प्रेसरच्या अगदी अंगाला, डेकपासून वीतभर उंचीवर आहे. जेट्टीवर वीज मिळते, पण समुद्रात हा कॉम्प्रेसर पेट्रोल जनरेटरवर चालवायचा, असे माहितीपत्रकात स्पष्ट लिहिले आहे, आणि जनरेटरची तार दोन मीटरची आहे. याचा अर्थ धूर सोडणारे यंत्र आणि श्वासाची हवा ओढणारे यंत्र एकाच डेकवर शेजारी शेजारी. वारा पाठीमागून असेल असे धरून जनरेटर ठेवला तरी नांगरलेली नौका भरती-ओहोटीला आणि वाऱ्याला फिरते, आणि थोड्या वेळापूर्वी बाहेर जाणारा धूर आता वाटीकडे येतो. ट्रॉलरचे स्वतःचे इंजिन चालू असेल तर त्याचीही भर.

कार्बन मोनॉक्साइडला वास नाही आणि रंग नाही. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. पाण्याखाली दाबाच्या पटीत त्याचा मारा वाढतो. हवेत दहा लाखात २० भाग असलेला हा वायू दहा मीटरवर ४० भागांसारखा वागतो. एन १२०२१ मानकात त्याची मर्यादा दहा लाखात ५ भाग इतकीच आहे. डोके दुखणे, मळमळणे, हातपाय गळणे ही त्याची लक्षणे आणि बोट लागल्याची लक्षणे सारखीच असल्याने खलाशी ती मनावर घेत नाहीत, आणि पाण्याखाली शुद्ध हरपली की तोंडातला रेग्युलेटर सुटतो. वाटीतल्या स्पंजने यातले काहीही अडत नाही. स्पंज धूळ अडवतो. ‘कोळशाची गाळणी लावून देतो’ असे कारागिराने सुचवले, पण सक्रिय कोळसा तेलाची वाफ आणि वास धरतो, कार्बन मोनॉक्साइड धरत नाही. उलट धुराचा वास तेवढा जाऊन विषारी वायू तसाच राहिला तर धोक्याची एकमेव खूणही नाहीशी होते. या वायूचे रूपांतर करणारे हॉपकॅलाइट नावाचे रसायन असते, पण त्याला कोरडी हवा लागते आणि या संचात हवा कोरडी करण्याची सोय नाही.

यावर खरा उपाय एकच आहे, तो म्हणजे इंजिन नको. जेट्टीवरची वीज किंवा बॅटरी आणि इन्व्हर्टर यांवरच कॉम्प्रेसर चालवावा, वाटी काढून तिथे जाड नळी जोडावी आणि तिचे तोंड डेकपासून माणसापेक्षा उंच काठीवर बांधावे. वीज वापरायची तर ओल्या डेकवर ३० मिलिअँपिअरला तुटणारा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच, आणि नीट अर्थिंग हवे. संचात यांपैकी काहीही नाही, साधा तीन पिनांचा प्लग आहे. कार्बन मोनॉक्साइड मोजणारे हातातले छोटे मीटर बाजारात मिळते. ज्याला पाण्याखाली माणूस पाठवायचा आहे त्याने ते विकत घेऊन उतरण्याआधी रेग्युलेटरमधून येणाऱ्या हवेवर धरावे.

नळीविषयी थोडक्यात लिहिता आले असते, परंतु अपघात बहुधा अशाच जागी होतात, म्हणून तपशिलात जातो. पारदर्शक पीव्हीसी नळी पाण्याची असते तीच आहे. तिला नव्या प्लास्टिकचा जो वास येतो तोच वास श्वासातही येतो. दुपारच्या उन्हात डेकवर ती इतकी मऊ झाली की टाचेखाली आल्यावर पूर्ण चपटी झाली आणि पाय काढल्यावरही वळी तशीच राहिली. पाण्यात मात्र ती ताठ होते आणि बुडते, त्यामुळे पंख्याच्या पात्यांत आणि जाळ्यात गुंतायला तयारच. दोन्ही टोकांना एकेक जुबली क्लिप, म्हणजे स्क्रूने आवळायची पट्टी, आहे. टाकीच्या बाजूला ढकलून बसवायचा झटपट जोड वापरला आहे. त्याची बाहेरची कडी मागे सरकली की जोड सुटतो. मी नळी कठड्यावरून घेऊन हळूहळू ओढली तेव्हा ती कडी कठड्याच्या पाइपला घासली आणि जोड फटकन निसटला. ओढणारा मी डेकवरच होतो म्हणून ठीक. श्वासाच्या हवेसाठी बनवलेली, न चपटणारी, तरंगणारी नळी, प्रत्येक टोकाला दोन क्लिपा आणि कुलूप लागणारा जोड यांना पर्याय नाही. शिवाय नळीचा ताण तोंडावर येता कामा नये. नळी आधी कमरेच्या पट्ट्याला किंवा छातीच्या पट्ट्याला कडीने बांधायची आणि तिथून पुढे सैल तुकडा तोंडाकडे न्यायचा, अशी सगळीकडची रीत आहे. या संचात पट्टाच नाही. नौका लाटेवर जराशी सरकली तरी नळी थेट दातांतून रेग्युलेटर हिसकावून नेईल.

नळी वर फुटली किंवा सुटली तर काय होईल, याचा विचार संचात कुठेही दिसत नाही. फुटलेल्या नळीत वरचा, म्हणजे पृष्ठभागावरचा दाब असतो आणि माणसाच्या छातीवर पाण्याचा. मग श्वास घेणाऱ्याची हवा नळीतून वर ओढली जाऊ शकते. हे टाळण्यासाठी रेग्युलेटरच्या जवळ, माणसाच्या टोकाला, हवा एकाच दिशेने जाऊ देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह लागतो. तो हाताच्या बोटाएवढा, चारपाचशे रुपयांचा भाग आहे. कॉम्प्रेसर आणि टाकी यांच्यामध्ये तसा एक व्हॉल्व्ह आहेच, त्यामुळे कारागिराला तो पुरेसा वाटला. पण तो टाकीचे रक्षण करतो, माणसाचे नाही.

टाकी आहे, ही मात्र जमेची बाजू. जेट्टीलगत तीन मीटरवर असताना ठरल्याप्रमाणे वरून वीज बंद करायला लावली. मला काहीच कळले नाही. श्वास नेहमीसारखा चालू राहिला आणि दोन मिनिटांनंतर तो जड होऊ लागला. हिशेबही तसाच येतो: ५ बारवरून २ बारवर येईपर्यंत ३० लिटरच्या टाकीतून ९० लिटर हवा मिळते आणि तीन मीटरवर ती दोन मिनिटांपेक्षा थोडी जास्त पुरते. वर यायला हा वेळ भरपूर आहे, पण वीज गेली हे खालच्या माणसाला सांगणारे कोणी तरी हवे. दाब उतरल्यावर वाजणारी शिट्टी किंवा दोरीच्या खुणा यांची माहितीपत्रकात सोय नाही. टाकी नसलेले, कॉम्प्रेसरमधून सरळ नळी काढलेले संच काही जण वापरतात. त्यांत मोटार थांबली की पुढचा श्वासच नसतो.

माहितीपत्रकातले एक वाक्य वाचून मला खरोखर काळजी वाटली. ‘उथळ पाण्यासाठी असल्याने प्रशिक्षणाची गरज नाही.’ तपासणीच्या वेळी हजर असलेले तांडेल, म्हणजे नौकेचे प्रमुख, हेही हेच म्हणाले, “साहेब, बारा-पंधरा फुटांत कसला आलाय धोका? एवढं पाणी तर आमची पोरं दम धरून पार करतात.” त्यांचे म्हणणे दम धरून जाणाऱ्यापुरते खरे आहे, कारण तो वरून घेतलेली हवाच छातीत घेऊन खाली जातो आणि तेवढीच घेऊन वर येतो. हूकावरचा माणूस खालच्या दाबाची हवा छातीत भरतो. पाच मीटरवर ६ लिटर हवा भरून, घाबरून, दम रोखून तो वर आला तर ती हवा पृष्ठभागावर ९ लिटर व्हायला पाहते आणि फुप्फुसात तेवढी जागा नसते. फुप्फुस फाटून हवेचे बुडबुडे रक्तात शिरतात आणि मेंदूकडे जातात. पक्षाघात, बेशुद्धी, मृत्यू यांपैकी काहीही काही मिनिटांत घडू शकते. छाती पूर्ण भरलेली असेल तर सव्वा-दीड मीटरवरून दम रोखून वर येणेही त्याला पुरते. खोल पाण्यापेक्षा उथळ पाणी या बाबतीत जास्त वाईट आहे. ३० मीटरवरून २० मीटरवर येताना हवा एकतृतीयांशाने फुगते, तर १० मीटरवरून वर येताना दुप्पट. ज्या माणसाने आयुष्यभर दम धरून बुडी मारली आहे त्याचे शरीर संकटात आपसूक दम धरते. म्हणून या कामात वर्षे काढलेल्या खलाशालाच या यंत्राचे प्रशिक्षण सर्वांत जास्त लागते: श्वास कधीही रोखायचा नाही, आणि हवा तुटली तर हळूहळू श्वास सोडत वर यायचे, हे त्याच्या अंगवळणी पडेपर्यंत. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे. प्रशिक्षणासाठी आपल्या किनाऱ्यावरच सोय असताना ते टाळण्याचे कारण नाही.

दुसरा मुद्दा वेळेचा. दाबाखालच्या हवेतला नायट्रोजन शरीरात विरघळत जातो; फार वेळ खाली राहून वाटेत थांबे न घेता वर आले तर त्याचे बुडबुडे होऊन इजा होते. सिलिंडर संपतो आणि माणसाला वर यावे लागते. कॉम्प्रेसर संपत नाही. पाडी या प्रशिक्षण संस्थेच्या तक्त्यात १० मीटरवर थांबे न घेता राहण्याची कमाल मर्यादा २१९ मिनिटे आहे, १२ मीटरवर ती १४७ मिनिटांवर येते. एका सिलिंडरवर या मर्यादेच्या जवळपासही कोणी पोचत नाही. हूकावर सकाळपासून दुपारपर्यंत काम करणारा सहज ओलांडतो, विशेषतः दिवसातून अनेकदा वरखाली केले तर. फिलिपिन्समध्ये कॉम्प्रेसरच्या नळीवर मासेमारी करणाऱ्यांत सांधे धरणे, पाय लुळे पडणे असे विकार होतात ते याच कारणाने. आपल्याकडे असा रुग्ण निघाला तर दाबकक्षातल्या उपचारांसाठी मालवणहून मुंबईला, कुलाब्याच्या आयएनएचएस अश्विनी या नौदलाच्या रुग्णालयापर्यंत, पाचेकशे किलोमीटर जावे लागू शकते. ट्रॉलरचा पंखा पाण्याखाली दीड-दोन मीटरवर असतो. मग १५ मीटरची नळी कशाला? ती तोडून, डेकच्या उंचीचा हिशेब धरून, माणूस चार मीटरखाली जाऊच शकणार नाही एवढीच ठेवावी. कारागीर ३० मीटरची नळीही विकतो. ती विकणे त्याने थांबवावे, असे मी त्याला स्पष्ट सांगितले आहे.

परदेशी बनावटीचे तयार संच याच तत्त्वावर चालतात. अमेरिकेतली ब्राउनीज थर्ड लंग ही कंपनी पेट्रोल इंजिनचे आणि बॅटरीचे दोन्ही हूका बनवते; इंजिनच्या संचात हवा ओढणारी नळी उंच उभी केलेली असते. ब्लू३ कंपनीचा नेमो हा बॅटरीचा संच तीन मीटरपुरता आहे आणि त्याची नळीच तेवढी लांब आहे. हे संच आपल्या नौकामालकांच्या आवाक्यातले नाहीत, पण त्यांत कशाकशाची काळजी घेतली आहे ते पाहून घरगुती संच सुधारता येतो.

मात्र पंख्यातले जाळे काढणे एवढेच काम असेल तर माझी शिफारस कॉम्प्रेसरची नाहीच. डायव्हिंग केंद्रातून भरून आणलेला एक सिलिंडर डेकवर उभा बांधावा, त्यावर स्कूबाचा नेहमीचा रेग्युलेटर लावून मधे श्वासाच्या हवेची सहा-सात मीटर नळी जोडावी. नेहमीचा ११ लिटरचा अॅल्युमिनियम सिलिंडर २०० बारला भरला आणि ५० बार राखीव ठेवले तर सुमारे १,६५० लिटर हवा मिळते. तीन मीटरवर मध्यम कामाला ती चाळीस मिनिटे पुरते. धूर नाही, वीज नाही, गंज नाही, रेग्युलेटर ज्या दाबासाठी बनवला आहे तोच दाब त्याला मिळतो, आणि गेज पाहणारा माणूस डेकवरच असतो. नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, कमरेचा पट्टा आणि प्रशिक्षण इथेही लागतेच.

ज्यांनी हा संच आधीच घेतला आहे त्यांच्यासाठी दुरुस्त्यांचा खर्च मी काढला आहे: योग्य नळी, जोड, नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, पट्टा, गाळणी, रेग्युलेटरची जुळवणी, आरसीसीबी आणि मोनॉक्साइडचे मीटर मिळून साधारण १८,००० ते २०,००० रुपये. पाठीवर छोटा राखीव सिलिंडर घेतला तर खर्च आणखी वाढेल. तरी जाळ्यात गुंतण्याची शक्यता असलेल्या कामात तो घ्यावाच. कारागिराने नळी, जोड आणि व्हॉल्व्ह बदलून द्यायचे मान्य केले आहे. माहितीपत्रकातले प्रशिक्षणाचे वाक्य काढण्याविषयी त्याने अजून होकार दिलेला नाही. तोपर्यंत हा संच कोणी विकत घ्यावा असे मला वाटत नाही. आणि संच कोणताही असो, पंख्याजवळ माणूस असताना इंजिनाची किल्ली पाण्यात उतरणाऱ्याच्या पट्ट्याला अडकवलेली असावी, बॅटरीची तार काढलेली असावी, त्याच्याजवळ धारदार सुरी असावी आणि डेकवर नळी हातात धरून बसलेल्या माणसाला तो वर येईपर्यंत दुसरे कोणतेही काम सांगू नये.